फळी, वीट आणि खुर्चीखालचं नळकांडं

लहानपणी नांदेडला कटिंगच्या दुकानात गेलं, की खुर्चीच्या दोन्ही हातांवर एक फळी आडवी टाकायचे आणि त्यावर आम्हाला बसवायचे. खुर्ची मोठ्या माणसाच्या मापाची. जुळवून घ्यायचं ते आपण!

परवा लातूरला भाचीच्या अभ्यासिकेत गेलो आणि ती फळी आठवली. भाची 'नीट'ची तयारी करतेय, दिवसाचे दहा तास बैठक. पाय जमिनीला टेकत नाहीत, म्हणून पायाखाली उभी वीट. आणि खुर्ची? चांगली सीटखाली दांडी असलेली!

तसं पाहिलं तर खुर्ची आपल्याकडे घरची कधी नव्हतीच. आडतीवर गादी-लोड, घरी सतरंजी. शब्दसुद्धा अरबी 'कुर्सी'वरून आलेला. निजामाचं राज्य १९४८ मध्ये संपलं, १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९८२ मध्ये लातूर जिल्हा झाला. कचेऱ्या वाढल्या, खुर्च्या वाढल्या, पण माप एकच. काही फिरत्या खुर्च्यांना आटे असायचे. उठून सीट गरगर फिरवली की उंची बदलायची.

बसल्या बसल्या उंची बदलायची सोय गॅस स्प्रिंगनं केली. जर्मनीत कोब्लेन्झच्या स्टॅबिलस कंपनीनं १९६२ मध्ये तिचं मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू केलं. बंद नळकांड्यात दाबाखाली नायट्रोजन, थोडं तेल आणि एक दट्ट्या. साधी स्प्रिंग सतत बाहेर ढकलत राहते. खुर्चीतलीला मात्र झडप असते. दांडी ओढली की झडप उघडते, वायू दट्ट्याच्या एका बाजूकडून दुसरीकडे जातो. सोडली की बंद, सीट तिथेच थांबते. वायूचा जोर रिकामी सीट उचलण्याइतका, माणसाच्या वजनापुढे कमी. म्हणून बसून दांडी ओढली की खाली, उठून ओढली की वर. सील झिजलं की मात्र खुर्ची आपोआप खाली बसते. तेव्हा नळकांडं बदलावं. कापू किंवा तापवू नये, आतल्या दाबानं ते फुटू शकतं.

तर भाचीला म्हटलं, "ती दांडी ओढ की."

"ती मोडलेली असेल म्हणून हातच लावला नाही, मामा."

तिनं ओढली. सीट सुळकन खाली, पाय जमिनीवर! पण आता टेबल छातीला लागायला लागलं. टेबलाला कुठली दांडी? पुन्हा थोडी वर घेतली.

वीट राहिलीच. फक्त उभी होती, ती आता आडवी झाली.