मांजरेचे पात्र : खोलीकरण आणि पुनरुज्जीवन

राष्ट्रकूट राजे ‘लत्तलूरपुरवराधीश्वर’ हे बिरुद अभिमानाने मिरवीत, आणि ते लत्तलूर म्हणजे आजचे लातूर होय असे बहुतेक अभ्यासक मानतात. या नगराचा इतिहास राजवंशांच्या अनुषंगाने पुष्कळ लिहिला गेला आहे. ज्या मांजरा नदीच्या पाण्यावर ते आज जगते, तिच्याकडे मात्र इतिहासकारांचे लक्ष क्वचितच गेले. प्रस्तुत टिपणात त्या नदीच्या पात्राविषयी काही विचार मांडावयाचा आहे.

मांजरा बीड जिल्ह्यात पाटोद्याजवळ बालाघाटाच्या डोंगरात उगम पावते. लातूर व बीदर या जिल्ह्यांतून ती तेलंगणात उतरते आणि निजामसागरानंतर उत्तरेस वळून नांदेड जिल्ह्याच्या सीमेवर गोदावरीस मिळते. एकूण लांबी सुमारे ७२४ किलोमीटर. लातूर शहर तिच्या प्रत्यक्ष काठावर नाही, काही कोस दूर पठारावर आहे. नदी शहराची असूनही शहराच्या डोळ्यांआड राहिली, याचे एक कारण कदाचित हेच असावे.

जुन्या पात्राचे स्वरूप जाणण्यास बोलीतील शब्द हे उत्तम साधन आहे. डोह, झिरा, वाळवंट, मळई, गाळपेर यांतील प्रत्येक शब्दामागे नदीची एकेक अवस्था उभी आहे. उन्हाळ्यात प्रवाह आटला तरी डोहांत मासे तग धरीत. वाळूत हातभर खणले की झिऱ्यास पाणी लागे, कारण वाळूचा थर पाणी पोटात साठवून उन्हापासून झाकून ठेवतो. काठावर करंज, जांभूळ, उंबर आणि पात्रात शेरणी व लव्हाळा माती धरून ठेवीत. उभ्या दरडींत खंड्या आणि वेडा राघू बिळे कोरीत, तर टिटवी उघड्या खड्यांवरच अंडी घाली. ‘कोरडी नदी’ असे आपण ज्याला सहज म्हणतो ते पात्र वस्तुतः कोरडे नव्हते.

१९८० च्या सुमारास धनेगाव येथे मांजरा धरण पुरे झाले. त्याची साठवणक्षमता सुमारे २२४ दशलक्ष घनमीटर आहे. पुढे पात्रात नागझरी, साई आदी बंधाऱ्यांची मालिका उभी राहिली, ऊस वाढला, साखर कारखाने आले, आणि बांधकामासाठी वाळूचा उपसा सुरू झाला. नदी तुकड्यातुकड्यांनी जलाशय बनली आणि बंधाऱ्यांमधील पात्र खरवडले गेले.

याचा हिशेब २०१६ मध्ये चुकवावा लागला. सलग अवर्षणाने धरण आटले, मार्चमध्ये लातुरात पाण्याच्या ठिकाणी जमावबंदी लागू करावी लागली, आणि १२ एप्रिल रोजी मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वेगाडी आली. तिच्या १० वाघिणींत सुमारे ५ लाख लिटर पाणी होते. त्याच सुमारास नागरिकांनी ‘जलयुक्त लातूर’ ही चळवळ उभारून लोकवर्गणीतून साई ते नागझरी या सुमारे १८ किलोमीटरच्या पट्ट्यात नदीचे खोलीकरण व रुंदीकरण हाती घेतले. तहानलेल्या शहराने स्वतःच्या पैशाने नदीकडे वळावे, ही घटना लहान नव्हे. तिची थट्टा करणाऱ्यांशी आम्ही सहमत नाही.

परंतु त्याच वर्षी परतीच्या पावसाने धरण भरले. म्हणून साठलेल्या पाण्यात खोदकामाचे श्रेय किती आणि मेघांचे किती, हे वेगळे काढणे कठीण होऊन बसले.

आमच्या मते खरी चूक कल्पनेची आहे. मराठवाड्याची जलविद्या मुख्यतः तलावाची. मांजरेचीच उपनदी असलेल्या मन्याडच्या खोऱ्यातील कंधार येथे राष्ट्रकूटकालीन ‘जगत्तुंगसमुद्र’ आजही आहे. तलावातील गाळ काढणे ही त्याची निगा होय. तोच न्याय नदीस लावला की तिची वाळूही गाळ ठरते. वाळू गेली की झिरा गेला. खडकाच्या झिजलेल्या थरापर्यंत खोल गेल्यास शेजारच्या विहिरींचे पाणी पात्राकडे ओढले जाण्याचाही संभव असतो. काठावर टाकलेली माती पहिल्या मोठ्या पुरात बव्हंशी परत येते, आणि उघड्या पडलेल्या काठांवर करंजाऐवजी वेडी बाभूळ व बेशरम माजते. साठा वाढेलही, पण साठा म्हणजे नदी नव्हे.

पुनरुज्जीवन करावयाचे तर प्रथम उपसा थांबवून वाळू पुन्हा साचू द्यावी लागेल, आणि हे काम पुराचे आहे, यंत्राचे नाही. काठाचा निदान एक पट्टा नांगरापासून मोकळा ठेवावा, तेथे स्थानिक झाडे लावावीत, डोह जेथे होते तेथेच खोल करावेत आणि दरडी सर्वत्र तासून गुळगुळीत करू नयेत. बंधाऱ्यांची दारे पावसाळ्याच्या आरंभी उघडी ठेवली तर गाळ व वाळू खाली वाहतील. पट्टा सोडण्यास काठचा शेतकरी सहजासहजी तयार होणार नाही, कारण मळईची जमीन गावातील सर्वांत सुपीक असते. त्यास मोबदला कोणी द्यावयाचा, हा प्रश्न २०१६ च्या लोकवर्गणीच्या वेळी कोणी विचारला असता तर बरे झाले असते.

खाली बिलोलीकडे, जेथे काळा पाषाण संपून ग्रॅनाइट लागतो, तेथे याच नदीची तांबडी रेती प्रसिद्ध आहे. ती अजूनही गाड्यांत भरून दूरच्या शहरांकडे जाते.