नेमबाजी खेळांतील कळफलक : चुंबकीय कळा आणि नियमांची मर्यादा

रायपूर : संगणकावरील नेमबाजी खेळांचे अनेक व्यावसायिक खेळाडू अंकपट्टी नसलेला आटोपशीर कळफलक वापरतात, माऊस फिरवण्यास जागा उरते. अलीकडे ओढा चुंबकीय कळांकडे आहे. कळ किती दबली, हे त्यातील ‘हॉल’ संवेदक सतत मोजतो. नेदरलँड्सच्या वूटिंग कंपनीमुळे परिचित झालेल्या ‘रॅपिड ट्रिगर’ सुविधेत बोट किंचित उचलताच कळ सुटते. ‘काउंटर-स्ट्राइक’मध्ये अचूक नेमासाठी आधी थांबावे लागत असल्याने हा क्षणांश मोलाचा ठरतो.

२०२४ मध्ये रेझरने ‘स्नॅप टॅप’ आणले. दोन विरुद्ध दिशांच्या कळा एकत्र दाबल्यास शेवटची ग्राह्य धरली जाते. थांबण्याचे सरावाने येणारे कसबच त्यामुळे यंत्राकडे गेले. ऑगस्ट २०२४ मध्ये वाल्व्हने ‘काउंटर-स्ट्राइक २’च्या अधिकृत सर्व्हरवर त्यास मनाई केली; ‘रॅपिड ट्रिगर’ला मात्र ती लागू नाही.