नावाची किंमत, हाताची किंमत

अमेरिकेत बेसबॉल हा पैशाचा खेळ आहे. संघाचा मालक रक्कम मोजतो आणि खेळाडूशी करार करतो. पण ही रक्कम कशाची? काल गाजवलेल्या पराक्रमाची, की उद्या होणाऱ्या खेळाची? खेळाडूचं वय उतरणीला लागलं की हा प्रश्न अवघड होतो. १९३५ सालची हकीकत ऐका.

बेब रूथ म्हणजे होमरनचा, चेंडू थेट प्रेक्षकांत भिरकावण्याच्या फटक्याचा, राजा. त्या वर्षी त्याला चाळीस पुरी झाली आणि न्यूयॉर्क यांकीज संघाने त्याला मोकळं केलं. इकडे बॉस्टन ब्रेव्हजचे मालक एमिल फुक्स कर्जाने गांजलेले. त्यांना गर्दी हवी होती. रूथला पुढेमागे संघाचा व्यवस्थापक व्हायचं होतं. फुक्स यांनी त्याला उपाध्यक्ष आणि सहायक व्यवस्थापक केलं. पण ही पदं केवळ नावाची होती, हे रूथला लवकरच उमगलं.

पहिल्याच सामन्यात त्याने होमरन मारला. लोक खूश झाले. पण पाय साथ देईनात. धावणं जमेना, चेंडू अडवणं जमेना. २५ मे रोजी पिट्सबर्गला एकाच सामन्यात तीन होमरन मारून त्याने ७१४ चा आकडा गाठला, आणि आठ दिवसांनी, २ जूनला, खेळ सोडला. ब्रेव्हजसाठी तो खेळला अवघे २८ सामने. त्या हंगामात संघ ११५ सामने हरला आणि फुक्स यांच्या हातून गेला. रूथ मात्र मोठ्या साखळीत व्यवस्थापक कधीच झाला नाही.

मग पोक्त खेळाडू घेऊच नये काय? तसंही नाही. १९४८ साली क्लीव्हलंडचे मालक बिल व्हेक यांनी सॅचेल पेज या बेचाळीस वर्षांच्या पिचरला, म्हणजे चेंडू फेकणाऱ्याला, घेतलं. पेज कृष्णवर्णीय. १९४७ साली जॅकी रॉबिन्सन येईपर्यंत मोठ्या साखळीची दारं कृष्णवर्णीयांना कित्येक दशकं बंद होती. त्यामुळे पेजची उमेदीची वर्षं बाहेरच सरली. त्याला घेणं हा निव्वळ तमाशा आहे, अशी टीका झाली. पण करारापूर्वी त्याची फेक पारखून घेतली होती. पेजने सहा सामने जिंकून दिले, एकच गमावला, आणि त्या वर्षी क्लीव्हलंडने जागतिक मालिका जिंकली.

गर्दी दोघांनीही खेचली. फरक एवढाच की, एका मालकाने नाव विकत घेतलं. दुसऱ्याने हात आधी पाहिला. नाव विकत घेतलं की मालकाचा पैसा तर बुडतोच, पण खेळाडूचीही अखेर केविलवाणी होते.