अमेरिकेतील निवडणूक-बिल्ले : संग्रह आणि पुरावा

अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकांचा इतिहास लिहिताना संशोधक सामान्यतः पक्षांचे जाहीरनामे, उमेदवारांची भाषणे, वृत्तपत्रे आणि मतांचे आकडे यांचा आधार घेतात. यांखेरीज आणखी एका जातीची साधने तेथे विपुल आहेत. प्रचारासाठी काढलेले बिल्ले, पदके, रेशमी फिती, रुमाल, चिनी मातीची भांडी ही ती साधने होत. ती प्रथम जमविली ती इतिहासकारांनी नव्हे, हौशी संग्राहकांनी. अशा संग्राहकांची राष्ट्रव्यापी संघटना १९४५ मध्ये स्थापन झाली. तोवर बहुतेक विद्यापीठांना या वस्तू अभ्यासाच्या योग्यतेच्या वाटत नव्हत्या. हौशी मंडळींनी त्या जपल्या नसत्या तर आज आपल्या हाती फारसे काही उरले नसते, हे ऋण मान्य केलेच पाहिजे. परंतु ज्याने निवड केली त्याच्या निवडीचा ठसाही संग्रहावर उमटतो, आणि तो ठसा ओळखल्यावाचून या वस्तूंना पुरावा म्हणून वापरणे धोक्याचे आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

पहिला प्रश्न असा की, प्रचारवस्तू कोणती म्हणावयाची? संग्राहकांच्या याद्या बहुधा १७८९ पासून सुरू होतात. त्या वर्षी ३० एप्रिलला न्यूयॉर्क येथे जॉर्ज वॉशिंग्टन यांनी पदाची शपथ घेतली आणि त्या प्रसंगानिमित्त पितळेच्या व तांब्याच्या गुंड्या तयार झाल्या. त्यांवर वॉशिंग्टन यांची आद्याक्षरे व राष्ट्राध्यक्ष चिरायू होवोत अशा अर्थाचा मजकूर आढळतो. परंतु वॉशिंग्टन यांना प्रतिस्पर्धी नव्हता व प्रचारही झाला नव्हता. या गुंड्या प्रजासत्ताकातील असल्या तरी त्यांची भाषा राज्यारोहणाची आहे. त्यांना निवडणूक-साहित्याच्या आरंभी बसविणे ही संग्राहकांची सोय आहे, इतिहासाची नव्हे.

खरा आरंभ अँड्र्यू जॅक्सन यांच्या काळातील पदकांपासून आणि पूर्ण बहर १८४० च्या निवडणुकीत मानावा लागतो. तोपर्यंत बहुतेक राज्यांत गोऱ्या पुरुषांपुरती मताधिकाराची मालमत्तेची अट दूर झाली होती व एक मोठा नवा मतदारवर्ग उदयास आला होता. डिसेंबर १८३९ मध्ये बॉल्टिमोरच्या एका डेमॉक्रॅटिक वृत्तपत्राने व्हिग पक्षाचे वयोवृद्ध उमेदवार विल्यम हेन्री हॅरिसन यांची टवाळी केली. या गृहस्थाला सफरचंदाच्या आंबलेल्या रसाचे एक पीप द्या, वर्षाला दोन हजार डॉलरांचे निवृत्तिवेतन बांधून द्या, म्हणजे ओंडक्यांच्या झोपडीत तो स्वस्थ बसून राहील, असा त्या टवाळीचा आशय होता. व्हिग पक्षाने ही शिवी भूषण म्हणून उचलली. झोपडी व पीप ही चित्रे पदकांवर, फितींवर, रुमालांवर, स्त्रियांच्या काचेच्या पदकांवर झळकली.

आता वस्तुस्थिती पाहावी. हॅरिसन यांचा जन्म व्हर्जिनियातील बर्कली येथील मोठ्या जमीनदार घराण्यात झाला होता व त्यांच्या वडिलांनी स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही केली होती. उलट, ज्यांना व्हिगांनी ऐषारामी उमराव म्हणून रंगविले ते मार्टिन व्हॅन ब्यूरेन एका खाणावळवाल्याचे चिरंजीव होते. तेव्हा पदकावरील झोपडी उमेदवाराविषयी काहीच खरे सांगत नाही. ती सांगते ते पक्षाच्या कल्पनेतील मतदाराविषयी, आणि तेवढ्यापुरती ती जाहीरनाम्याहूनही प्रामाणिक साक्षीदार आहे. हॅरिसन यांना निवडकांची २३४ मते पडली, व्हॅन ब्यूरेन यांना ६०. पदग्रहणानंतर महिनाभरात, ४ एप्रिल १८४१ रोजी, हॅरिसन मरण पावले. झोपडीचे चित्र मात्र पुढील कित्येक निवडणुकांत या ना त्या रूपाने परत आले.

याच झोपडीच्या चित्राची निळी ताटे व बशा इंग्लंडमधील स्टॅफर्डशायरच्या कुंभारशाळांतून आल्या. जॉन रिजवे यांच्या कारखान्याच्या ताटांमागील मुद्रेत २८ ऑक्टोबर १८४० ही तारीख आहे. त्या वर्षीचे मतदान ३० ऑक्टोबरला सुरू होऊन डिसेंबरच्या आरंभी संपले, आणि अटलांटिक ओलांडण्यास आगबोटीलाही सुमारे पंधरवडा लागत असे. ही मुद्रा असलेली ताटे कितीही त्वरेने धाडली असली तरी बऱ्याचशा मतदारांच्या घरी ती मत देऊन झाल्यावरच पोहोचली असणार. संग्रहांत ती प्रचारवस्तू म्हणून मांडली जातात. माझ्या मते ती विजयाच्या लाटेवर स्वार झालेल्या परदेशी व्यापाऱ्याची साक्ष देतात. हा फरक लहान वाटला तरी कारागीर, व्यापारी आणि पक्ष यांच्यापैकी कोण बोलत आहे हे ठरविण्यास तो निर्णायक आहे.

१८६० मध्ये छायाचित्र या क्षेत्रात आले. लोखंडी पत्र्यावर घेतलेल्या छायाचित्रांची छोटी पदके त्या निवडणुकीत निघाली. त्यांवरील लिंकन दाढीविना असतील तर ती त्या निवडणुकीची असण्याचा संभव अधिक, कारण दाढी त्यांनी विजयानंतर वाढविली.

पुढची क्रांती १८९६ ची. न्यू जर्सीतील न्यूअर्क येथील व्हाइटहेड आणि होग कंपनीने सेल्युलॉइडचा बिल्ला बाजारात आणला. कागदावरील छापील चित्र धातूच्या चकतीवर ठेवावयाचे, त्यावर सेल्युलॉइडचा पारदर्शक पापुद्रा ताणावयाचा, मागून कडे दाबून सर्व घट्ट करावयाचे आणि तारेची टाचणी बसवावयाची, अशी ही रचना. विल्यम मॅक्किन्ली व विल्यम जेनिंग्ज ब्रायन यांच्यातील झगडा सोन्याचे चलन की सोन्याच्या जोडीला १६ ला १ या प्रमाणात चांदीचेही, या किचकट प्रश्नावर होता. बिल्ल्यांनी तो सोनेरी व रुपेरी भुंग्यांच्या रूपाने कोटाच्या कॉलरवर आणून बसविला. चलनविषयक वाद इतका चित्रमय झाल्याचे दुसरे उदाहरण माझ्या माहितीत नाही. या बिल्ल्यांच्या पाठीवरील कागदावर २१ जुलै १८९६ ही पेटंटची तारीख पुष्कळदा असते. ती बिल्ल्याची तारीख समजू नये. तोच कागद पुढे अनेक वर्षे वापरात होता. बिल्ला त्या दिवसाच्या आधीचा नाही, एवढेच त्यावरून सिद्ध होते.

एकाच चित्राचे दोन अर्थ कसे होतात हे पुढील उदाहरणावरून दिसेल. १६ ऑक्टोबर १९०१ रोजी थिओडोर रूझवेल्ट यांनी कृष्णवर्णीय नेते बुकर टी. वॉशिंग्टन यांना व्हाइट हाउसमध्ये भोजनास बोलाविले. दक्षिणेत गहजब झाला. दोघे मेजाशी बसले आहेत व त्यावर ‘समता’ हा शब्द आहे, असे बिल्ले पुढे निघाले. काही कृष्णवर्णीय मतदारांना आकृष्ट करण्यासाठी होते. काही विरोधकांनी गोऱ्या मतदारांना चिथावण्यासाठी वाटले. पेटीत शेजारी ठेवले तर दोन्ही रूझवेल्ट यांच्याच नावावर जमा होतात. बिल्ला कोणाच्या छातीवर व कोणत्या गावात होता, ही नोंद नसली म्हणजे स्तुती आणि विखार यांतील भेदच पुसला जातो. उमेदवारवार मांडणीचा हा सर्वांत मोठा दोष होय.

दुसरा दोष किमतीचा. १९२० मध्ये डेमॉक्रॅटिक पक्षाचे जेम्स कॉक्स व त्यांचे उपाध्यक्षपदाचे सहउमेदवार फ्रँकलिन रूझवेल्ट हे दारुण पराभूत झाले. दोघांची छायाचित्रे एकत्र असलेले बिल्ले अत्यल्प उरले आहेत व संग्राहकांत त्यांना सर्वाधिक मान आहे. हा मान कॉक्स यांच्या प्रचाराने मिळवून दिलेला नाही. त्यांचा सहउमेदवार पुढे चार वेळा राष्ट्राध्यक्ष झाला म्हणून तो लाभला. उलट, १९४० मध्ये वेंडेल विल्की यांच्या बाजूने तिसऱ्या कारकिर्दीला विरोध करणारे बिल्ले अक्षरशः ढिगांनी निघाले व ढिगांनीच उरले आहेत. केवळ त्यांवरून अनुमान करणारा संशोधक विल्की विजयी झाले असे लिहून बसेल. प्रत्यक्षात त्यांना ८२ मते पडली व रूझवेल्ट यांना ४४९. १९७२ मध्ये टॉमस ईगलटन यांनी जुलैअखेर उपाध्यक्षपदाची उमेदवारी सोडली, तरी त्यांच्या नावाचे बिल्ले आजही स्वस्तात मिळतात, कारण तेवढ्या दिवसांतही ते भरपूर छापले गेले होते. संख्या, किंमत आणि ऐतिहासिक महत्त्व यांची गती निरनिराळी असते.

किंमत वाढली की नकला येतात. पत्र्यावर थेट लिथो-छपाई केलेले बिल्ले पहिल्या महायुद्धाच्या सुमारास रूढ झाले. म्हणून मॅक्किन्ली यांचा बिल्ला तशा पत्र्याचा असेल तर तो नंतरची नक्कल होय. १९७३ मध्ये अमेरिकन काँग्रेसने केलेल्या कायद्यानुसार राजकीय वस्तूंच्या नकलेवर ती तयार केल्याचे वर्ष घालणे बंधनकारक झाले. आधीच बाजारात उतरलेल्या नकलांना अर्थातच त्याची बाधा नव्हती.

संस्थांची कामगिरी संमिश्र आहे. कॉर्नेल विद्यापीठाने सुसान डग्लस यांचा संग्रह सांभाळला आहे. हार्टफर्ड विद्यापीठात जे. डॉइल डेविट यांच्या संग्रहावर आधारलेले राजकीय जीवनाचे संग्रहालय १९८९ मध्ये उघडले व २००३ मध्ये बंद पडले. डेविट यांनी १९५९ मध्ये प्रसिद्ध केलेले बिल्ल्यांवरील पुस्तक या विषयाच्या पद्धतशीर अभ्यासाचा एक आरंभबिंदू मानले जाते, हे ध्यानी घेता ही घटना खेदजनक होय. स्मिथसोनियन संस्थेच्या राष्ट्रीय अमेरिकन इतिहास संग्रहालयाचे अभिरक्षक अलीकडील दशकांत वेगळा मार्ग चोखाळीत आले आहेत. पक्षांच्या अधिवेशनांना ते स्वतः जातात, प्रतिनिधींच्या अंगावरील टोपी किंवा बिल्ला तेथेच मागून घेतात, आणि तो कोणी, कोठे व कोणत्या दिवशी वापरला याची नोंद वस्तूबरोबर ठेवतात.