पॅकार्ड वाचली असती तर? एका 'जर-तर'ची गोष्ट

पोस्ट लांब आहे, सवडीने वाचा.

सध्या मोबाइलवर एक मजेशीर प्रकार फिरतोय. कधीच न बनलेल्या जुन्या अमेरिकन आलिशान गाड्यांची चित्रं. १९६३ची पॅकार्ड, १९७०ची ड्यूसेनबर्ग. इतकी हुबेहूब की खरीच वाटावीत. प्रत्यक्षात ड्यूसेनबर्ग १९३७ सालीच संपली आणि पॅकार्डचा डेट्रॉइटमधला गाड्यांचा कारखाना १९५६ला थांबला. मग या गाड्या कुठल्या? 'जर-तर'च्या गावच्या!

इतिहासात जर-तरला जागा नाही, असं म्हणतात. पण पानिपताबद्दल आपण मराठी माणसं दुसरं काय करत आलोय? जयंत नारळीकरांनी तर विश्वासरावांना गोळी लागलीच नाही, असं धरून कथा लिहिली. त्यामुळे जर-तर करायला माझी हरकत नाही. फक्त तो 'जर' कुठे ठेवायचा, हे नीट बघावं लागतं. चित्रं काढणारे तो गाडीच्या पत्र्यात ठेवतात. मला तो हिशेबाच्या वहीत सापडला.

आधी ही पॅकार्ड काय चीज होती ते सांगतो.

१८९९ साली ओहायो राज्यातल्या वॉरन गावात जेम्स पॅकार्ड आणि त्याच्या भावाने पहिली गाडी बनवली. जेम्सने आधी विंटन कंपनीची गाडी घेतली होती. ती सारखी बिघडायची. तक्रार घेऊन गेला तर मालक म्हणाला, एवढं कळतंय तर स्वतःच बनवून दाखव. त्याने दाखवली. १९०३मध्ये कंपनी डेट्रॉइटला गेली. जाहिरातीचं वाक्य एकच होतं: ज्याच्याकडे आहे, त्याला विचारा. १९१५ला त्यांनी बारा सिलिंडरची गाडी बाजारात आणली. पुढे अमेरिकेत 'मोठी गाडी' म्हटलं की कॅडिलॅकच्या आधी पॅकार्डचं नाव निघायचं. दुसऱ्या महायुद्धात रोल्स-रॉइसचं मर्लिन हे विमानाचं इंजिन परवान्यावर बनवायला याच कंपनीला दिलं. त्यांनी ५५ हजारांहून जास्त इंजिनं बनवली. म्हणजे काम येत नव्हतं म्हणून बुडाले, असं कोणी म्हणू नये.

आता जर-तर. मला तीन जागा दिसतात.

पहिली जागा १९३५. मंदीचे दिवस. श्रीमंतांनीही हात आखडता घेतलेला. पॅकार्डने 'वन-ट्वेंटी' नावाची गाडी काढली, किंमत साधारण १००० डॉलर. दणक्यात खपली. पण आता शेजारचा डॉक्टरही पॅकार्ड फिरवू लागला, मग बड्या लोकांना तिचं कौतुक काय राहणार? जर-तरवाले म्हणतात, ही स्वस्त गाडी काढली नसती तर नावाचा रुबाब टिकला असता. मला पटत नाही. पिअर्स-ॲरो कंपनीने रुबाब सोडला नाही, ती १९३८ला बंद पडली. म्हणजे हा 'जर' खरा धरला तर पॅकार्ड वीस वर्षं आधीच गेली असती.

दुसरी जागा १९४५. युद्ध संपलं, लोकांच्या हातात पैसा आला. कॅडिलॅकने नवं रूप, नवं इंजिन आणलं. पॅकार्ड मधल्या किमतीच्या गाड्यांतच अडकून राहिली. १९४८ला जुन्याच सांगाड्यावर जाडजूड पत्रा चढवला, लोक तिला उलटी अंघोळीची टब म्हणायला लागले. इथे मात्र 'जर' दमदार आहे. तेव्हा कंपनीकडे नाव आणि पैसा दोन्ही होतं. माझ्या कल्पनेतली १९४९ची पॅकार्ड लांब, बुटकी, नव्या व्ही-८ इंजिनाची आहे. प्रत्यक्षात ते इंजिन १९५५ला आलं, कॅडिलॅकनंतर सहा वर्षांनी.

गंमत बघा, एक पर्यायी पॅकार्ड खरोखर रस्त्यावर धावली, तीही मॉस्कोत! सोव्हिएत सरकारने बड्या साहेबांसाठी काढलेली झिस-११० ही पॅकार्डच्या धर्तीवरच घडवली होती. भांडवलशाहीची राणी कम्युनिस्टांच्या दारात.

तिसरी जागा १९५४. चित्रवाल्यांची सगळ्यात आवडती.

नॅश कंपनीचा प्रमुख जॉर्ज मेसन हा दूरचं बघणारा माणूस. फोर्ड आणि जनरल मोटर्स एकमेकांवर मात करायला गाड्या बाजारात ओतत होत्या. त्यात लहान कंपन्या चिरडल्या जाणार, हे त्याला दिसत होतं. त्याचं म्हणणं, नॅश, हडसन, स्टुडबेकर आणि पॅकार्ड या चौघांनी एकत्र यावं. १ मे १९५४ला नॅश आणि हडसन मिळून अमेरिकन मोटर्स झाली. १ ऑक्टोबरला पॅकार्डने स्टुडबेकर घेतली. आणि एका आठवड्याने, ८ ऑक्टोबरला, मेसन वारला. त्याच्या खुर्चीवर जॉर्ज रॉमनी आला, त्याला चौघांची मोट बांधायची नव्हती. विषय संपला.

मेसन जगला असता तर? अमेरिकन मोटर्स १९८७पर्यंत टिकली, मग क्रायस्लरने घेतली. मधे १९७०ला तिने जीपचा धंदा विकत घेतला. ही तीच जीप, जिचा परवाना घेऊन महिंद्रांनी स्वातंत्र्यानंतर मुंबईत जोडणी सुरू केली आणि जी पुढे आपल्या खेड्यापाड्यांत धावली. म्हणजे या जर-तरमध्ये पॅकार्ड आणि जीप एकाच घरच्या झाल्या असत्या. कल्पना छान आहे, नाही का?

पण इथेच मला ती वही आठवते.

पॅकार्डचा प्रमुख होता जेम्स नॅन्स. घरगुती उपकरणांच्या धंद्यातून आलेला, विक्रीत तरबेज. स्टुडबेकर घेताना त्याला असं सांगितलं गेलं होतं की वर्षाला १ लाख ६५ हजारांच्या आसपास गाड्या खपल्या की तोटा थांबतो. व्यवहार झाल्यावर पॅकार्डच्या हिशेबनीसाने वह्या नीट तपासल्या. खरा आकडा निघाला २ लाख ८२ हजार. एवढ्या गाड्या स्टुडबेकर विकूच शकत नव्हती. लग्न आधी, पत्रिका नंतर!

त्यात आणखी एक घाव. पॅकार्डची बॉडी ब्रिग्ज नावाची कंपनी बनवायची. १९५३च्या शेवटी ब्रिग्जचा तो धंदा क्रायस्लरने घेतला, म्हणजे प्रतिस्पर्ध्यानेच. मग पॅकार्डने घाईघाईत एका अपुऱ्या जागेत बॉडी आणि जोडणीचं काम हलवलं. १९५५ची गाडी खरं तर फार छान होती. पुढची-मागची चाकं लांब पोलादी दांड्यांनी जोडलेली, मागे माणसं बसून गाडी दबली की विजेची मोटर ती पुन्हा समतल करायची. आपल्या रस्त्यांना अशीच गाडी हवी! पण कोंदट जागेतून गाड्या दोष घेऊन बाहेर पडल्या आणि 'ज्याच्याकडे आहे, त्याला विचारा' हेच वाक्य उलटलं. त्या हंगामात पॅकार्ड आणि तिची धाकटी क्लिपर मिळून सुमारे ५५ हजार बनल्या. कॅडिलॅक १ लाख ४० हजार.

१९५६च्या जूनमध्ये डेट्रॉइटचं काम थांबलं. पुढची दोन वर्षं स्टुडबेकरच्याच गाडीवर पॅकार्डचं नाव लावून विकली, लोक तिला 'पॅकार्डबेकर' म्हणून चिडवायचे. १९५८ला नावही गेलं.

एवढ्यावर गोष्ट संपत नाही, आणि चित्रांत न दिसणारा भाग इथे आहे. स्टुडबेकरने डिसेंबर १९६३मध्ये साउथ बेंड या गावातला कारखाना बंद केल्याचं जाहीर केलं. कामगारांची पेन्शन कागदावर होती, पण फंडात पुरेसा पैसा नव्हता. साठी गाठलेल्यांना पूर्ण मिळाली. ४० ते ५९ वयाच्या, हक्क झालेल्या सुमारे ४ हजार लोकांना ठरल्याच्या साधारण १५ टक्के. बाकीच्यांना शून्य. माझं वय या मधल्या गटातलं आहे, म्हणून हा आकडा वाचून मी थोडा वेळ पुढे गेलोच नाही. या वयात दुसरी नोकरी कोण देतो? पुढे १९७४ला अमेरिकेत पेन्शनच्या संरक्षणाचा कायदा झाला, त्यामागे या प्रकरणाचा मोठा धक्का होता. पण कायदा पुढच्यांना उपयोगी पडला.

डेट्रॉइटमधला पॅकार्डचा अवाढव्य कारखाना कित्येक दशकं पडीक होता. २०२२ला पाडायला सुरुवात झाली. १९५०ला साडेअठरा लाख वस्तीचं ते शहर २०१०पर्यंत सव्वासात लाखांपर्यंत खाली आलं होतं. फक्त पॅकार्डमुळे नव्हे, पण सुरुवात करणाऱ्यांत ती होती.

म्हणून माझा 'जर' असा. मेसन जगला असता तर, हा नशिबाचा भाग झाला, त्यावर कोणाचा ताबा नाही. पण सही करण्याआधी नॅन्सने दुसऱ्याच्या वह्या स्वतःच्या माणसाकडून तपासून घेतल्या असत्या तर? हे शक्य होतं, त्याच्या हातात होतं. कदाचित पॅकार्ड एकटी, लहान, पण मानाने आणखी काही वर्षं चालली असती. कदाचित नसतीही. पण निदान बुडणाऱ्याने बुडणाऱ्याचा हात धरला नसता.

आपल्याकडेही पतसंस्थेचं, कारखान्याचं विलीनीकरण म्हटलं की हार-तुरे, फ्लेक्स आणि पेढे आधी येतात. ताळेबंद अहवालाच्या शेवटच्या पानांवर, बारीक अक्षरात असतो आणि सभेत तो हात वर करून मंजूर होतो. यापुढे असा विषय आपल्या गावात निघाला तर कोणीतरी उठून विचारा, वह्या कोणी तपासल्या? आणि कामगारांचा फंड कुठे आहे?

ती चित्रं मलाही आवडतात. १९६३ची पॅकार्ड काय देखणी काढलीय कोणीतरी! जरूर बघा. फक्त तिच्या मागे उभ्या असलेल्या, चित्रात नसलेल्या माणसांचाही एकदा विचार करा.

तुमचा 'जर' कुठला? खाली लिहा, वाचतोय.