लॅपटॉपचा वेग आणि उष्णता
केवळ गिगाहर्ट्झचा आकडा पाहून लॅपटॉप घेणे फसवे ठरते. इंटेलचा पेंटियम ४ प्रोसेसर २००४ मध्ये ३.८ गिगाहर्ट्झवर पोहोचला व उष्णतेपायी तेथेच अडला. त्याची उष्णता ११५ वॅट होती. २००३ च्या १.६ गिगाहर्ट्झच्या पेंटियम एमला सुमारे २५ वॅट पुरत. वेग वाढवताना व्होल्टेजही वाढवावे लागते आणि वीजवापर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो.

जाहिरातीतील ‘टर्बो’ वेग सहसा थोडाच वेळ टिकतो. तापमान १०० अंश सेल्सिअसजवळ गेले की प्रोसेसर आपला वेग आपणच उतरवतो. शेलूसारख्या ठिकाणी उन्हाळ्यात खोलीच तापलेली असताना ही वेळ लवकर येते. पत्रव्यवहार, हिशेब यांसाठी कमी वॅटचा प्रोसेसर पुरेसा. चित्रफितींच्या संपादनासाठी मात्र पंखा व हवेची वाट आधी पाहावी. गादीवर ठेवलेल्या लॅपटॉपची खालची जाळी बुजते, मग महागडा प्रोसेसरही रखडतो.