तळटीप : ‘रोबोटेक’ आणि जपानी कॅसेट

‘रोबोटेक’ : अमेरिकेत १९८५ साली दाखवली गेलेली ८५ भागांची कार्टून मालिका. सोमवार ते शुक्रवार रोज दाखवायची तर मालिका साधारण ६५ भागांची लागे. मूळ जपानी ‘मॅक्रॉस’ (१९८२) ३६ भागांतच संपत होती. म्हणून निर्माते कार्ल मेसेक यांनी ‘सदर्न क्रॉस’ आणि ‘मोस्पेडा’ या दोन स्वतंत्र मालिका तिला जोडून तिन्हींची एक कथा केली. या जोडकामावर पुढे पुष्कळ टीका झाली. तरीही महत्त्वाच्या पात्रांचे मृत्यू मुलांपासून न लपवणाऱ्या या मालिकेनेच तिथल्या असंख्य प्रेक्षकांना जपानी अ‍ॅनिमेची ओढ लावली, हे तिचं श्रेय मोठं आहे.

तेव्हा मूळ जपानी मालिका पाहायची तर मार्ग एकच, व्हीसीआर. जपान आणि अमेरिका दोन्हीकडे टीव्ही-प्रसारणाची एनटीएससी पद्धत असल्याने टोकियोत टीव्हीवरून भरलेली कॅसेट अमेरिकेत सरळ चाले. (भारतात पॅल पद्धत होती, इथल्या साध्या व्हीसीआरवर ती नीट चालली नसती.) जपानी न येणारे चाहते कथेचा झेरॉक्स केलेला सारांश हाती धरून बसत. पुढे काहींनी घरगुती संगणकावरून इंग्रजी उपशीर्षकं चढवली आणि कोऱ्या कॅसेटी पाठवणाऱ्यांना प्रती काढून दिल्या. प्रतीवरून प्रत काढली की रंग पसरत. प्रकरणात आलेली ‘पुसट कॅसेट’ अशीच. — संपा.